डॉर्कसबाईंच्या खोलीचा गारवा

"सिलिंडर हातात घेतलास की आधी त्याच्या गळ्यातली चिठ्ठी वाच. मग नळी लाव. गप्पा सगळ्यात शेवटी."

पर्सीकाकांचा हा आवाज लायल थर्स्टनच्या कानात कायमचा बसला होता. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. टास्मानियातल्या ह्यूऑन नदीच्या काठाने जेवढे खाटीक, जेवढे दूधवाले आणि जेवढे सफरचंदवाले होते, त्यांच्या फ्रीजची आणि गारव्याची काळजी आधी काकांनी वाहिली आणि मग लायलने. शिकवताना काका हातावर टिचकी मारत. लायल म्हणायचा, "काका, मला हाताला कळतं कोणता गॅस आहे ते." त्यावर काका म्हणायचे, "हाताला भूक कळते का रे? मग गॅस कसा कळेल? वाच."

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, पण ती शिकवावी लागलीच नव्हती. पाहून पाहूनच ती अंगवळणी पडली. कॉम्प्रेसर उघडायचा असला की आतला गॅस आधी सोडून द्यायचा. शेडच्या दाराबाहेर नळी काढायची, वाऱ्याच्या दिशेला पाठ करायची आणि कळ फिरवायची. फुस्स असा लांबलचक आवाज व्हायचा. तो आवाज सुरू झाला की काका चहाची किटली स्टोव्हवर ठेवत. आवाज थांबेपर्यंत पाणी उकळलेलं असे. लायलच्या लेखी पुढची तीस वर्षं तो आवाज म्हणजे चहाची वेळ.

अठ्ठ्याऐंशी साली होबार्टच्या विधिमंडळात कायद्याचा मसुदा आला. हा गॅस हवेत सोडायचा नाही. यंत्रातून काढला तर परत सिलिंडरमध्ये भरायचा. परवाना असलेल्यानेच त्याला हात लावायचा. आभाळाच्या वरच्या थरात एक पातळ पदर आहे, तो ऊन गाळून आपल्यापर्यंत पोचवतो, आणि हा गॅस त्याला विरवतो, असं शास्त्रज्ञ सांगत होते. टास्मानियाच्या दक्षिणेला बर्फाळ खंडावर त्या पदराला भोक पडलेलंच होतं. आमदार लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला गावच्या हॉलमध्ये आले. हॉल भरला होता. फ्रीजवाले, बागाईतदार, गॅरेजवाले, सगळे होते.

डॉर्कस विगिन्स उठल्या तेव्हा कुणाला अपेक्षा नव्हती. विधवा बाई, नदीपलीकडे सफरचंदाची बाग, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. फार हळू बोलायच्या. त्या म्हणाल्या, "मला शास्त्र कळत नाही. पण आभाळ काही आपल्या वडिलांनी खरेदी केलेलं नाही. दुसऱ्याच्या घरात राहताना माणूस जरा जपून वागतं, एवढंच मला म्हणायचंय. कायदा करा."

आणि लायल उभा राहिला. त्याला टाळ्या घ्यायची सवय होती.

"डॉर्कसबाई," तो म्हणाला, "तुमची ती शीतगृहाची खोली गार ठेवतो कोण? मी आणि हा गॅस. उद्या कायद्याने तो बंद झाला तर काय करायचं? भजनं म्हणून सफरचंदं गार ठेवायची?"

हॉल छप्पर उडेल इतका हसला. आमदारही हसले. गॅरेजवाला नेव्ह ड्रिस्कोल तर मांडीवर थापा मारत होता. डॉर्कसबाई स्कर्ट सारखा करून खाली बसल्या. त्यांचे कान लाल झालेले लायलने पाहिले, आणि त्याला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. पुढे ते बरं वाटणंच त्याला सलत राहिलं.

कायदा झाला. लायलने कुरकुरत परवाना काढला, कारण परवाना नसलेल्याला कुणी गॅस विकेना. काढलेला गॅस परत भरायचं छोटं यंत्रही घेतलं. पहिल्यांदा त्याने एका दूधवाल्याच्या टाकीतला गॅस त्या यंत्राने सिलिंडरमध्ये ओढला आणि सिलिंडर उचलायला गेला, तर तो जड लागला. रिकामा होता तो. आता चांगला जड झाला होता. लायल सिलिंडर हातात धरून तसाच उभा राहिला. एवढं वजन. तीस वर्षं, दर खेपेला, चहा उकळेपर्यंत, आपण एवढं वजन वर सोडत होतो. वाऱ्यावर जातंय म्हणून त्याला वजन नसेल असं आपल्याला वाटत होतं.

त्या दिवशी घरी येऊन त्याने बायकोला, नेटाला, काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "चहा नको."

"तब्येत बरी आहे ना?" नेटाने विचारलं. "तू आणि चहा नको?"

पुढे काही वर्षांनी परदेशातून येणारा तो जुना गॅस, धंद्यातला 'बारा नंबर', येणंच बंद झालं. नवीन यंत्रं नव्या गॅसवर चालत. पण डॉर्कसबाईंच्या शेडमधलं यंत्र त्यांच्या सासऱ्यांनी बसवलेलं. त्याच्या सीलना नवा गॅस मानवत नव्हता, आणि नवं यंत्र बसवायचं तर आधी निम्मी बाग विकावी लागली असती. त्यांच्याकडे गीव्हस्टन फॅनी जातीची जुनी झाडं होती. लहान, लालबुंद, रसरशीत फळ. मार्चमध्ये उतरवायचं आणि खोलीत ठेवून ऑगस्टपर्यंत थोडं थोडं विकायचं. त्या वेळी बाजारात दुसरीकडे कुठे ते फळ नसे, म्हणून त्या लहानशा बागेवर त्यांचं चालत होतं. खोली गार तर बाग उभी.

लायल त्यांना म्हणाला, "काळजी करू नका. तुमच्या खोलीपुरता बारा नंबर मी जमवतो."

तो जमवू लागला. गावाच्या उकिरड्यावर लोक जुने फ्रीज आणून टाकत. लायल दर शनिवारी जाऊन त्यांच्या पाठीमागची नळी टोचून आतला गॅस ओढून घेई. एका फ्रीजमधून कपभरही निघत नसे. कधी नळी आधीच फुटलेली, सगळं उडून गेलेलं. तरी तो जायचा.

"तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या सिलिंडरशी?" नेटा म्हणायची.

"सिलिंडर बोलत नाही," लायल म्हणायचा.

"म्हणूनच विचारतेय."

अशा सहा उन्हाळ्यांत तो सिलिंडर भरत आला. करडा, वरून पिवळा. त्याच्या गळ्यात तारेने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर लायलच्या अक्षरात 'बारा नंबर, विगिन्स'.

सत्त्याण्णव सालच्या मार्चात डॉर्कसबाईंच्या खोलीतला एक पाइप गंजून फुटला आणि आतला गॅस जवळजवळ सगळा गेला. फळ उतरवायला थोडेच दिवस होते. लायल म्हणाला, "याच दिवसासाठी तर जमवलाय." पाइप शनिवारी जोडायचा ठरला. त्याआधी गुरुवारी तो उकिरड्यावर आलेला एक मोठा फ्रीज रिकामा करायला गेला, तेव्हा जमवलेला सिलिंडर त्याने गाडीत घेतला. त्यात भर टाकली. गाडीत तसलाच दुसरा करडा-पिवळा सिलिंडर होता, रिकामा, इतर कामांसाठी. दोन्ही जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी.

वाटेत खाटीक बिल प्रॉक्टरने हात केला. त्याचा मोठा फ्रीझर मागच्या खोलीत हलवायचा होता, त्यातला गॅस काढून हवा होता. त्या फ्रीझरमध्ये वेगळा गॅस होता, पाचशेदोन. बिलच्या तोंडाला कुलूप नाही. रविवारी चर्चमध्ये सुगीचा सण, वेदीपुढे गहू, भोपळे, सफरचंदं मांडतात, तिथे यंदा आपणही सॉसेजची माळ टांगावी की कसं, यावर पाद्रीबाई काय म्हणाल्या आणि त्यांना आपण काय सुनावलं, हे बिल सांगत होता. लायल हसत होता. हसत हसतच त्याने गाडीतून एक सिलिंडर उचलला, चिठ्ठी मागच्या बाजूला फिरली होती, नळी लावली आणि यंत्र चालू केलं.

"पाद्रीबाई म्हणतात, 'बिल, देवाला शाकाहारी समजू नकोस, पण जरा लाज बाळग!'" बिल म्हणाला, आणि लायलच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

शनिवारी सकाळी पाइप जोडून झाला. डॉर्कसबाईंच्या शेडमध्ये लायलने जमवलेला सिलिंडर उभा केला, गेज लावलं आणि कळ किंचित उघडली. रात्रभर सावलीत राहिलेला बारा नंबर या हवेत किती दाब दाखवील, हे लायल झोपेतही सांगू शकला असता. काटा त्या जागेवर थांबला नाही. पुढे गेला. बराच पुढे.

लायलने कळ बंद केली. गेज बिघडलं असेल म्हणून दुसरं लावलं. काटा परत तिथेच. मग त्याने गाडीतला दुसरा सिलिंडर हाताने उचलून पाहिला. तो हलका होता. रिकामा.

खाटकाचा गॅस या सिलिंडरमध्ये गेला होता. दोन गॅस एकदा मिसळले की ते वेगळे करायची सोय या बेटावर कुणाकडे नाही. मिसळलेला गॅस ना या यंत्रात चालत, ना त्या. सहा उन्हाळ्यांचे ते कपकपभर, सगळं एका सॉसेजच्या गोष्टीत गेलं. लायलने चिठ्ठी सरळ केली. त्याचंच अक्षर होतं. वाचायला फार वेळ लागला नसता.

डॉर्कसबाई दारात आल्या. हातातल्या बशीत दोन स्कोन, छोटे गोडसर पाव, आणि जॅम. "झालं का रे?"

"एक… एक सुटा भाग आणावा लागेल," लायल म्हणाला. "उद्या बघतो."

"उद्या सुगीचा सण आहे. सोमवारी बघ," त्या म्हणाल्या. "ये उद्या चर्चला. नेटा एकटीच असते नेहमी. माझ्या बाकावर जागा आहे."

लायलने स्कोन तसेच कोटाच्या खिशात घातले.

संध्याकाळी तो नेव्हच्या गॅरेजवर जाऊन बसला. नेव्हला सांगितलं. नेव्हने शिट्टी वाजवली.

"अरे गड्या, मग तोंड कशाला पाडतोस? शेडमागे ने आणि कळ उघड. बाईंना सांग, पाइपातून गळला. वर काय कुणी मोजमाप करायला बसलंय?"

"चिठ्ठीवर 'मिसळलेला' लिहून पाठवायचा असतो. मेलबर्नला. तिथे जाळून संपवतात."

"आणि बाईंची खोली?"

नेव्ह खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "माझ्या भावाकडे बारा नंबरचा अख्खा ड्रम आहे. कायद्याआधीचा, कुठे नोंद नाही. त्याला परवाना नाही, तुला विकता येत नाही, पण रात्री माझ्या शेडमध्ये विसरून गेला तर? बाईंची फळं वाचतील, तुझी अब्रू वाचेल. बोल."

लायल लगेच 'नाही' म्हणाला नाही. हेही त्याच्या मनाला पुढे लागून राहिलं.

रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे सफरचंदांचा ढीग होता, आणि खरंच एका कोपऱ्यात सॉसेजची लहानशी माळ, अजमोदाच्या जुडीमागे अर्धी लपवलेली. नेटा खुसखुसली. लायल डॉर्कसबाईंच्या बाकावर बसला होता. त्या ऑर्गनजवळ होत्या, पण शेवटच्या प्रार्थनेला येऊन त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या. पाद्रीबाई म्हणत होत्या, जे मिळालं ते तुझंच होतं, आम्ही फक्त राखणारे. लायलला मान वर करवेना.

लोक बाहेर चहाकडे गेल्यावर तो म्हणाला, "डॉर्कसबाई, जरा इकडे येता?"

दोघं मागच्या कुंपणापाशी उभे राहिले. लायलने सगळं सांगितलं. खाटीक, सॉसेज, जुळे सिलिंडर, काटा. नेव्हचा ड्रमही सांगितला. बोलताना तो कुंपणाच्या तारेकडे बघत होता.

नदीवर एक बगळा उतरला, तो डॉर्कसबाई पाहत होत्या.

"म्हणजे काल भाग आणायचा नव्हता," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"स्कोन खाल्लेस का?"

"नाही."

"तरीच. तुझ्या कोटाच्या खिशाला जॅमचा डाग आहे." मग त्यांनी विचारलं, "त्या ड्रमने खोली गार होईल?"

"होईल. या हंगामापुरती तरी नक्की. पाइप जुना आहे, पुढचं काही सांगवत नाही."

"पुढे पुन्हा फुटेल. मग पुन्हा गॅस वर जाईल." त्या हसल्या, पण हसणं ओठांपर्यंतच राहिलं. "लायल, मी हॉलमध्ये उभी राहिले होते. सगळ्यांसमोर. आता माझ्याच खोलीवर आलं म्हणून नेव्हच्या भावाचा ड्रम आणू? मग त्या दिवशी मी कशाला उठले होते?"

"तुम्ही उठलात तेव्हा मी…" लायलने कुंपणावरची नजर उचलली. "मी जे बोललो होतो ना, भजनांचं…"

"हो. तेव्हा मला फार लागलं होतं." त्यांनी त्याच्या बाहीवर हात ठेवला. "पण घरी जाऊन किटली ठेवली आणि एकटीच हसले. बोलायला छान बोलतोस तू. ऑर्गनवर सफरचंदं मांडून बघावी असंही वाटलं होतं एकदा."

लायलला हसू आलं नाही.

"मग फळांचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"रसवाल्याला देते. झाडावरून थेट. तो काय देईल ते देईल." त्या पुन्हा नदीकडे बघू लागल्या. "आणि मग पुतण्याला सांगते की घे बाबा बाग. तो चेरी लावीन म्हणतो. फॅनीची झाडं उपटावी लागतील त्याला. वय झालंय त्यांचं, माझ्यासारखंच."

"डॉर्कसबाई, अजून एखादा मार्ग… मी सगळ्या फ्रीजवाल्यांना फोन करतो…"

"काल केलेच असशील की."

केले होते. प्रत्येकाने आपापल्या गिऱ्हाइकासाठी थोडंथोडं राखून ठेवलं होतं, आणि त्यातून कुणी देत नव्हतं. त्यात त्यांचंही काही चुकत नव्हतं.

"एक कर," डॉर्कसबाई म्हणाल्या. "तो सिलिंडर. तो वर सोडू नकोस. नेव्ह काही म्हणो. ज्या ठिकाणी तो संपवतात, तिथे पोचता कर. माझी खोली गेली ती गेली, पण निदान तुझे ते सहा उन्हाळे तरी वाया जाऊ नयेत. वचन दे मला."

"देतो," लायल म्हणाला.

त्या चहाकडे निघून गेल्या. जाताना त्यांची चाल जरा मंद वाटली, पण कदाचित ती नेहमीच तशी असावी. लायलने त्याआधी कधी नीट पाहिली नव्हती. नेटा आली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता त्याच्या शेजारी उभी राहिली.

सोमवारी सकाळी फोन वाजत होता. हंगाम सुरू झाला होता, कुणाची खोली, कुणाचा फ्रीझर. नेटा फोनवर म्हणत होती, "नाही, आज नाही यायचा तो. उद्या."

"कुणाचं काम आहे?" लायलने विचारलं.

"तीन जणांचं. नेव्हचाही फोन होता. म्हणाला, लायलला सांग, ड्रम शेडमध्ये विसरलेला आहे. काय रे हे?"

"काही नाही. त्याला सांग, भावाला परत द्यायला."

त्याने सिलिंडर गाडीच्या मागच्या भागात उभा केला, दोन्ही बाजूंनी दोर आवळला, वर टोपण बसवून पुन्हा पुन्हा फिरवून घट्ट केलं. हाताने दोर ओढून पाहिला. सिलिंडर हलला नाही. होबार्टच्या डेपोतून तो बोटीने पलीकडे मेलबर्नला जाणार होता.

नदीपलीकडे डॉर्कसबाईंच्या बागेत शिड्या लागल्या होत्या. फळ उतरवणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या, आणि लाकडी पेट्यांची चळत रसवाल्याच्या ट्रककडे चालली होती. लायल दर वेळी तिथून जाताना भोंगा वाजवायचा. आज त्याने वाजवला नाही. तिठ्यावर त्याने गाडी हळू केली, आरशात मागचा दोर ताणलेला आहे हे पाहिलं, आणि होबार्टच्या रस्त्याला वळला.